दहाचं नाणं चालतं की नाही ते आधी बँकेच्या खिडकीवर ठरवा: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नर साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर साहेब, भारतीय रिझर्व्ह बँक, फोर्ट, मुंबई
आणि सोबत केंद्रीय अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली, कारण नाणी पाडायचं खातं तुमच्याकडे आहे आणि नंतर "ते आमच्याकडे येत नाही" असं ऐकायची आमची तयारी नाही

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवतो. दुकान वडिलांनी टाकलेलं, त्याआधी आजोबा बैलगाडीवर माल आणून बाजारात बसायचे. म्हणजे तीन पिढ्या आमच्या घरात रुपयाच मोजतायत, त्यामुळे रुपयावर चार शब्द लिहायचा थोडा हक्क आहे असं समजतो. अर्थशास्त्रातलं मला काही कळत नाही, रेपो रेट वाढला काय नि उतरला काय, आमच्या गल्ल्यापर्यंत तो कधी पोचलेला मी बघितला नाही. मला फक्त दहाच्या नाण्याबद्दल बोलायचंय.

आमचं ज्या बँकेत खातं आहे तिथे कॅशच्या खिडकीला एक कागद चिकटवलाय, "चिल्लर स्वीकारली जाणार नाही". सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही, कुठल्या नियमाने ते तर नाहीच. मी दहाची नाणी घेऊन गेलो होतो, शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पुड्या करून, कारण तुमच्याच सूचनेत लिहिलंय की शंभराच्या पुड्या असल्या की शाखेला घ्यायला सोपं जातं. कॅशियरने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला काका हे इथं कशाला आणलं, बाजारात चालवा की. आता बाजारात चालत नाही म्हणून तर इथं आणलं ना बाबा. तर म्हणे मग मॅनेजर साहेबांना भेटा, साहेब मीटिंगला गेलेत.

इथपर्यंत काही नवीन नाही, असं देशात रोज कुठे ना कुठे होत असणार. पण माझ्या मागे लाइनीत जी माणसं उभी होती, निराधारचे पैसे काढायला आलेल्या दोन म्हाताऱ्या, एक दूधवाला, एक शाळेतले सर, त्यांनी हे सगळं बघितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत झालं की दहाचा शिक्का बंद झालाय, खुद्द बँकेनेच परत पाठवला, किराणावाल्याला हाकलून दिलं. हाकलून वगैरे कुणी दिलं नव्हतं, पण गोष्ट गावभर फिरली की थोडी फुगतेच.

साहेब, तुमचं म्हणणं मला माहितीये. नोव्हेंबर २०१६ ला तुम्ही प्रेसनोट काढली, जानेवारी २०१८ ला काढली, जून २०१९ ला पुन्हा काढली. २०१८ च्या नोटेत स्पष्ट आहे की दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने आहेत आणि सगळे वैध आहेत, आणि रुपयाचं चिन्ह असलेलंही चालतं, नसलेलंही चालतं हे तर २०१६ च्याच नोटेत होतं. लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये असंही आहे. सगळं बरोबर. पण तुम्ही धरून चाललाय की अफवा लोकांच्या मोबाईलमध्ये तयार होते, आणि मी इतकी वर्षं गल्ल्यावर बसून बघतोय की ती तिथे तयार होत नाही, ती बँकेच्या खिडकीवर तयार होते. व्हॉट्सअॅपवर दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं असलं काहीबाही फिरतं हे मान्य, पण लोक तेवढ्यावर ठरवत नाहीत. लोक बघतात की बँक घेते का. बँक घेत असेल तर पानवाला घेतो, पानवाला घेत असेल तर रिक्षावाला घेतो. आणि बँकच तोंड फिरवत असेल तर तुमच्या हजार प्रेसनोटा आल्या तरी कोण विचारतो?

आणि लोक काही खुळे नाहीत, त्यांना अनुभव आहे. पाच पैसे गेले, दहा पैसे गेले, वीस पैसे गेले, ३० जून २०११ नंतर चार आणेही गेले, पावलीसकट सगळं खालचं खातं तुम्ही बंद केलंत. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे नि हजार गेले. मग दोन हजाराची आली आणि मे २०२३ मध्ये ती पण मागे घ्यायला सुरुवात झाली. एवढं सगळं डोळ्यासमोर झाल्यावर कुणी येऊन म्हणालं की दहाचा शिक्का बंद झालाय, तर गिऱ्हाईकाने त्यावर का विश्वास ठेवू नये, तुम्हीच सांगा. माझा खरा राग इथे आहे. बंद करायचं असतं तेव्हा रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगता आणि आमच्या वस्तीवरच्या मेंढपाळालासुद्धा झोपायच्या आत कळतं. आणि चालू आहे हे सांगायचं असतं तेव्हा इंग्रजीत प्रेसनोट काढता आणि वेबसाइटवर टाकून देता.

थोडं मागचं सांगतो, विषय सुटत नाहीये.

आमचा हा भाग निजामाच्या राज्यात होता. इथे निजामाचा हाली शिक्का चालायचा, आणि पलीकडे बार्शी-सोलापूर इंग्रजांकडे, तिथे कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. ढोबळ हिशोब असा की सहा कलदार म्हणजे सात हाली. आजोबा बार्शीच्या बाजारातून गूळ, मीठ, कापड असा माल आणायचे, तेव्हा इथली हाली देऊन कलदार घ्यायचा, आणि बदलून देणारा मध्ये त्याचा बट्टा कापायचा. आजोबा म्हणायचे नफा निम्मा बट्ट्यातच जायचा (आजोबांना नफा कायम कमीच व्हायचा, ते सोडा). १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, भारताचा रुपया आला, पण हाली लगेच बंद नाही केली, दोन्ही बरोबर चालू ठेवले आणि १९५९ पर्यंत सावकाश हाली काढून घेतली. लोकांना सवय व्हायला वेळ दिला. तिकडे गोव्यात तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा पैसा होता, तोही गेला आणि शेवटी कुठेही जा, एकच रुपया.

मधल्या काळात १ एप्रिल १९५७ ला दशमान आलं. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. ते एकदम शंभर झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आता सव्वासहा पैसे कुणाच्या हातावर ठेवणार? वडील सांगायचे की त्या पाव पैशावरून दुकानात रोज कुणी ना कुणी भांडायचं. पण सरकारने काय केलं, नव्या नाण्यावर चक्क "नया पैसा" असं लिहिलं, जुन्यात आणि नव्यात घोळ होऊ नये म्हणून, आणि सात वर्षं तसं चालवलं, १ जून १९६४ ला कुठे तो "नया" काढला. आण्यांचे पैसे किती होतात त्याचे तक्ते छापले, ते दुकानादुकानात लागलेले असायचे. त्या काळी मोबाईल नव्हता, टीव्ही नव्हता, अर्ध्याच्या वर देशाला वाचता येत नव्हतं. तरी जमलं ना. चार आणे, आठ आणे तर आम्ही अजून म्हणतो, पण हिशोब शंभराचाच करतो.

म्हणजे सात हाली नि सहा कलदारवाला बट्टा बंद व्हायला एवढी वर्षं नि एवढे कष्ट लागले, आणि आज तोच बट्टा आमच्या पेठेत परत आलाय. दहाची नाणी देऊन नोटा हव्या असतील तर पन्नास नाण्यांमागे एक-दोन नाणी जास्त द्यायची, असे घेणारे आहेत. उलटं पण आहे, लग्नसराईत नाहीतर गणपतीत सुट्टे लागले की शंभराची नोट द्यायची आणि एक-दोन रुपयांची चिल्लर पंच्याण्णवची घ्यायची. माझा पुतण्या पुण्याला चाकणच्या बाजूला कंपनीत आहे. सुट्टीला आला की परत जाताना गावातल्या दोन-चार दुकानदारांची दहाची नाणी सॅकमध्ये भरून नेतो, कारण पुण्यात ती चहाच्या टपरीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे चालतात, आणि येताना तेवढ्याच्या नोटा आणतो. त्याची आई ओरडते, पाठीत उसण भरेल म्हणून. साहेब, जे काम तुमच्या करन्सी चेस्टने, म्हणजे शाखांच्या नोटा-नाणी साठवणाऱ्या नि पुरवणाऱ्या मोठ्या तिजोरीने करायचं ते आमचं पोरगं एसटीने करतंय.

आता नाण्याच्या नमुन्यांचं. चौदा नमुने २०१८ पर्यंत, त्यात कुणावर वैष्णोदेवी, कुणावर होमी भाभा, कुणावर योग दिवस. एवढ्या तऱ्हा कशाला हे मला कधी कळलं नाही. थोरामोठ्यांची आठवण ठेवा, पण त्यासाठी वेगळं संग्रहाचं नाणं काढता येतं ना. रोजच्या व्यवहाराच्या नाण्याचा चेहरा एकच हवा. गिऱ्हाईकाच्या हातात तीन नाणी आली आणि तिन्ही वेगळी दिसली तर त्याला त्यातलं एक तरी खोटं वाटणारच.

आणि त्यातलं एक नाणं २०१५ चं आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं. बाबासाहेबांनी लंडनला डॉक्टरेटचा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर लिहिला होता, १९२३ ला तो छापून आला. पुढे १९२५ ला हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या चलनाबद्दल साक्ष दिली. आणि देशाला मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस याच कमिशनने केली, त्यातून पुढे १ एप्रिल १९३५ ला तुमची रिझर्व्ह बँक उभी राहिली. तर त्या माणसाचं चित्र असलेलं दहाचं नाणं आमच्या बाजारात एका बाईने भाजीवालीपुढे धरलं, तिने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि "हे चालत नाही मावशी, दुसरं द्या" म्हणून परत केलं. मी समोरच उभा होतो. भाजीवालीला मी काय बोलू? संध्याकाळी तिचा ठोकवाला तिच्याकडून ते घेणार नाही, हे तिला पक्कं माहितीये. ठोकवाल्याला त्याची बँक माहितीये. मावशींनी नाणं पदराच्या गाठीत परत बांधलं आणि माझ्याकडे आल्या, तुम्ही तरी घेता का म्हणून. मी घेतलं. आता ते माझ्या पिशवीत आहे, त्या शंभराच्या पुड्यांमध्ये.

पूर्वी ही भानगड नव्हती. शेरशहाच्या रुपयात साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदी असायची, राज्य गेलं तरी चांदी कुठे जात नव्हती. शिवरायांची तांब्याची शिवराई छत्रपतींच्या काळात सुरू झाली आणि पेशवाई बुडाल्यावरसुद्धा इंग्रजी अमलात आमच्याकडच्या बाजारांत फिरतच होती. नाण्याची किंमत नाण्यातच होती. आजच्या दहाच्या नाण्यात काय आहे, थोडंसं तांबं, निकेल, जस्त असलं काहीतरी. त्याला दहा रुपये करतो तो तुमचा शब्द. आणि तो शब्द गावात कोण बोलतं, तर बँकेचा कॅशियर. त्याने "बाजारात चालवा" म्हटलं की संपलं.

कायद्यात काही गडबड नाही. २०११ चा नाण्यांचा कायदा आहे, एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या रकमेला वैध चलन. बँकांना तुमच्या सूचना दरवर्षी जातात की कुठल्याही शाखेने नाणी नाकारू नयेत. वर २०२१ पासून नाण्यांच्या वाटलेल्या पोत्यामागे बँकेला ६५ रुपये मिळतात म्हणे, आधी २५ होते. मग अडतं कुठे? कॅशियर चांगला माणूस आहे, त्याला शिव्या द्यायच्या नाहीत मला. शाखेत माणसं कमी, मोजायचं मशीन नाही, तिजोरीत जागा नाही, चेस्टला पाठवायला गाडी महिनोन्महिने येत नाही. २०२३ ला शिर्डीच्या बातम्या आल्या होत्या, दानपेटीतली नाणी एवढी साठली की ठेवायला बँकांकडेच जागा उरली नाही. म्हणजे बघा, एका ठिकाणी पोतीच्या पोती पडून आहेत, आणि आमच्याकडे एक-दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून मी गिऱ्हाईकाच्या हातावर चॉकलेट ठेवतो. लहान पोरं खूश, मोठी माणसं चिडतात, आणि बरोबरच आहे, मी त्यांच्या उधारीत चॉकलेट घेतो का?

नोटांचं थोडक्यात. लोकांना नाणं नको म्हणून दहाची नोट हवी, आणि दहाची नोट कशी येते तर चिकटपट्ट्या लावलेली, तेलकट, मधून दुमडून दुमडून उसवलेली, कोणार्कचं चाक आहे का बैलगाडीचं ते ओळखू येत नाही. नव्या दहाच्या नि विसाच्या गड्ड्या शाखेत येतात असं ऐकतो, बघायला मिळत नाहीत, लग्नाच्या हाराला मात्र लावलेल्या दिसतात. विसाच्या नोटेवर तुम्ही वेरूळचं लेणं छापलंय, आमच्या मराठवाड्यातलं, आनंद आहे, पण ती करकरीत नोट मराठवाड्यातच मिळेना. एटीएमला जावं तर पाचशे. एप्रिल २०२५ ला तुम्ही आदेश काढलात की सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. चांगलं केलंत. पण सकाळी सातला अर्धा लिटर दूध घ्यायला आलेल्या माणसाला शंभर-दोनशेसुद्धा मोठेच पडतात साहेब, आणि मोड माझ्याकडूनच मागतात.

पन्नास पैशाबद्दल तर बोलावं का नाही कळत नाही. कागदोपत्री चालू आहे, दहा रुपयांपर्यंत वैध आहे, बाजारात भिकारीसुद्धा घेत नाही. आणि सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला तेव्हा पाच रुपयांच्या काही पुड्यांवर साडेचारच्या आसपासचे भाव छापून आले. आता मी अर्धा रुपया परत कुठून देऊ? पाच घेतले तर गिऱ्हाईक छापील किंमत दाखवून भांडतं, चार घेतले तर माझ्या घरचे.

एक गिऱ्हाईक आहे माझं, दिसत नाही त्यांना, पूर्वी हार्मोनियम शिकवायचे. नाणं हातात घेतलं की अंगठ्याच्या नखाने कड चाचपतात. जुनं दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं होतं तेव्हा त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही. मग स्टीलची गुळगुळीत नाणी आली. अंगठ्याचं चिन्ह असलेला जो स्टीलचा एक रुपया होता तो २५ मिलिमीटरचा, आणि २०११ नंतरचे दोन रुपये पण २५ मिलिमीटरचे, वजनही तेवढंच. दोन्ही आज बाजारात एकत्र फिरतायत. डोळसांना सुद्धा दोनदा बघावं लागतं, मास्तरांनी काय करायचं? २०१९ ला तुम्ही दृष्टिहीनांसाठी म्हणून नवी मालिका काढली, वीस रुपयांचं बारा कोनी नाणं आणलं, हेतू चांगलाच आहे. पण जुनी काढून घेतली नाहीत, त्यामुळे नव्यांची भर पडून घोळ वाढला फक्त. आणि ते विसाचं नाणं आमच्याकडे दिसलं तर लोक खेळण्यातलं समजतात, दहाचं जिथे चालत नाही तिथे विसाचं कोण घेणार.

आता मला माहितीये तुमच्या डोक्यात काय आलं असेल. यूपीआय वापरा. साहेब वापरतो ना. दुकानात स्कॅनर आहे, तो बोलणारा डबा पण आहे, "तीन रुपये प्राप्त हुए" असं दिवसभर ओरडतो, आणि खरं सांगायचं तर त्यानेच आमचं निम्मं सुट्ट्यांचं दुखणं कमी केलं, नाकारत नाही. देशात महिन्याला दोन हजार कोटी व्यवहार यूपीआयवर होतात, मोठी गोष्ट आहे. पण निराधारच्या हजार-दीड हजारावर महिना काढणारी म्हातारी मोबाईल ठेवत नाही. शाळकरी पोराला आई पाच रुपये देते, क्यूआर कोड नाही देत. ऊसतोडीवरून आलेल्या माणसाचा फोन असतो पण त्यात बॅलन्स नसतो. वीज गेली की टॉवर जातो, पावसाळ्यात तर रोजचंच. आणि कुणा भलत्याच माणसाच्या फसवणुकीतले दोनशे रुपये आपल्या खात्यात आले की सायबरवाले खातं गोठवतात, ते सोडवायला माणूस कुठल्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात जाणार? जुलै २०२५ ला बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून कराच्या नोटिसा गेल्या तेव्हा त्यांनी "फक्त रोख" असे कागद लावले होते दुकानांवर. त्यामुळे यूपीआय आहे म्हणून नाण्याकडे बघायचं नाही, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्या मुठीत नाणंच असतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुम्ही जाहीर केलं होतं की क्यूआर स्कॅन करून नाणी देणारी मशीन आणणार, बारा शहरांत एकोणीस ठिकाणी प्रयोग. तेव्हा आम्ही पेपर कापून ठेवला होता. प्रयोग मोठ्या शहरांतच करायचे असा काही नियम आहे का? तिथे तर नाणी आधीच चालतात.

तर मागण्या सरळ आहेत, फार नाहीत.

पहिली आणि खरी, बाकीच्या नाही झाल्या तरी ही करा. प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेत कॅशच्या खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरात, तुमच्या शिक्क्यासह बोर्ड लावा: सर्व नाणी इथे स्वीकारली जातात, दहाची नि विसाची धरून. आणि तो बोर्ड आहे का आणि तसं होतंय का हे बघायला तुमचा माणूस न सांगता पाठवा, साध्या कपड्यात, हातात नाण्यांची पिशवी घेऊन. नाकारणाऱ्या शाखेला दंड करा आणि दंड झाला हे जाहीर करा.

दुसरी, आठवड्यातून एक दिवस, आमच्याकडे बाजार मंगळवारी असतो म्हणून सोमवारी केला तर उत्तम, शाखेने नाणी घ्यायची आणि द्यायची. दोन्ही. घेतलेलीच वाटली तर चेस्टच्या गाडीची वाटसुद्धा बघावी लागणार नाही. मोजायचं मशीन शाखेला द्या, त्या कॅशियरच्या जिवावर टाकू नका.

तिसरी, दहा नि वीसच्या नव्या नोटा किती आल्या आणि कुणाला दिल्या याचा आकडा शाखेच्या फळ्यावर रोज लिहायला लावा. हार बनवणाऱ्यांच्या आधी पेठेचा नंबर लागू द्या.

चौथी अर्थ मंत्रालयाला. रोजच्या नाण्यांचे नमुने बदलणं पाच-दहा वर्षं थांबवा. स्मारकाची नाणी वेगळी काढा. जुना २५ मिलिमीटरचा स्टीलचा एक रुपया बँकांमार्फत काढून घ्यायला लागा, पण रातोरात नको, हाली काढली तशी सावकाश, दोन्ही चालू ठेवून. आणि पन्नास पैसे ठेवायचे असतील तर पाडून बाजारात आणा, नाहीतर बंद करून टाका आणि कंपन्यांना छापील किंमत पूर्ण रुपयात लिहायला सांगा.

आणि टीव्हीवर, रेडिओवर, एसटी स्टँडवर सांगा. मराठीत सांगा. कीर्तनकारांना सांगा हवं तर, त्यांचं लोक ऐकतात. रात्री आठला नाही सांगितलं तरी चालेल, त्या वेळेची आता आम्हाला धास्ती बसलीये.

ही पिशवी मी परत घेऊन येणार आहे त्याच खिडकीवर, येत्या सोमवारी. घेतली तर तुमचे आभार मानणारं दुसरं पत्र लिहीन, नाही घेतली तर त्यांच्याकडून नकार लेखी मागणार आहे.

कळावे,
आपला,
एक किराणा दुकानदार, मराठवाडा

ता. क. हे वाचणाऱ्या दुकानदार बांधवांसाठी: शाखेने नाणी नाकारली तर तिथे भांडू नका, आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा पोस्टाने तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी नाही. चौकशीला १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. पोच घ्यायला मात्र विसरू नका, तेवढी एकच गोष्ट ते सहजासहजी देत नाहीत.